गॅरंडचा नवा दस्ता
लाकूड आणि लेप : लेखांक ११

मागच्या आठवड्यात आपण चपडा लाखेचं पॉलिश पाहिलं. आज तेलाची पाळी. त्यासाठी उदाहरण निवडलं आहे अमेरिकेच्या एम-१ गॅरंड रायफलच्या दस्त्याचं. टेबलावर तेलाचं काम थोडं कच्चं राहिलं तरी खपून जातं. दस्ता मात्र हातात धरायचा, गालाला लावायचा असतो. तिथे चिकटपणा किंवा खरबरीतपणा लपत नाही.

जॉन गॅरंड मूळचा कॅनडातल्या क्यूबेकचा. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात काम करताना त्याने ही रायफल घडवली आणि १९३६ मध्ये अमेरिकी लष्कराने ती स्वीकारली. दुसऱ्या महायुद्धात आणि नंतर कोरियात ती सैनिकांच्या खांद्यावर होती. आज त्यातल्या कितीतरी रायफली नेमबाजांच्या आणि संग्राहकांच्या घरी आहेत. पोलाद टिकून आहे, पण बऱ्याच ठिकाणी लाकूड थकलंय. वर्षानुवर्षं बंदुकीचं तेल मुरून ते मऊ पडतं, मागच्या बाजूला तडकतं. मग अक्रोडाचा नवा दस्ता मागवला जातो.

जुना दस्ता काढल्यावर त्याच्याशी कसं वागायचं, हे आधी सांगतो. त्याच्या डाव्या अंगावर शस्त्रागाराच्या तपासनिसाचा शिक्का असतो, मुठीखाली वर्तुळातलं ‘पी’ हे अक्षर. तो दस्ता कुठे आणि कोणत्या काळात बनला, हे या खुणांवरून कळतं. पॉलिश पेपरचे चार हात फिरले की हा पुरावा कायमचा जातो. म्हणून जुना दस्ता घासू नये. पोचा आला असेल तर ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवावी. वाफेने दबलेले तंतू बऱ्यापैकी वर येतात. दस्ता वापरण्याजोगा नसेल तर पुसून, रायफलीसोबतच जपून ठेवावा. आणि नव्या दस्त्यावर जुन्यासारखे शिक्के उठवून घेण्याचा मोह टाळावा. आज हौस म्हणून केलेली ती खूण उद्याच्या खरेदीदाराची फसवणूक ठरते.

आता नवं लाकूड. अमेरिकेचा काळा अक्रोड गाभ्याशी चॉकलेटी असतो, कधी किंचित जांभळट. सालीलगतचं लाकूड मात्र जवळजवळ पांढरं. नव्या दस्त्यात हा पांढुरका पट्टा पुष्कळदा येतो. शिवाय गॅरंडचं लाकूड तीन तुकड्यांत असतं: मुख्य दस्ता आणि नळीवरची दोन आच्छादनं. तिन्ही तुकडे एकाच झाडाचे असतील असं नाही. ते शेजारीशेजारी बसवल्यावर रंगातला फरक लगेच डोळ्यात भरतो. रंग लावायची खरी गरज असते ती एवढ्यासाठी.

बहुतेकांची चूक होते ती इथेच. पाऊणशे वर्षं जुन्या दस्त्याचा तो गडद, तांबूस रंग पहिल्याच दिवशी हवा असतो. पण जुना रंग काही डब्यातून आलेला नाही. अक्रोडाचं लाकूड उजेडात हळूहळू फिकं होत जातं, आणि त्यात मुरलेलं जवसाचं तेल वर्षागणिक पिवळं, तपकिरी होत जातं. एक उतरतो, दुसरा चढतो. त्यात हाताचा घाम आणि मळ मिसळतो. म्हणून नव्या दस्त्यावर रंग जेमतेम लावावा. आजच तो गडद केला तर पुढे तेल आणखी गडद होईल आणि लाकडाच्या रेषा बुडून जातील.

रंगाआधी पृष्ठभाग. १२०, मग १८०, मग २२० नंबरचा पॉलिश पेपर, तोही सपाट ठोकळ्याला गुंडाळून आणि रेषेच्या दिशेने. नुसत्या बोटांनी घासलं की कडा गोल होतात आणि दस्त्याची शिस्त जाते. २२० च्या पुढे जाऊ नये. लाकूड फार गुळगुळीत झालं की रंग नीट धरत नाही. आतली बाजू, जिथे लोखंड लाकडावर बसतं, तिला पॉलिश पेपर लावायचाच नाही. गॅरंडमध्ये ट्रिगरची कडी बंद होताना दस्ता घट्ट आवळला जातो. तिथलं लाकूड कमी झालं की पकड सैल पडते आणि नेम बिघडतो.

आता ओल्या फडक्याने सगळा दस्ता पुसा आणि वाळू द्या. त्यावरून हात फिरवा. मघाशी गुळगुळीत असलेलं लाकूड दोन दिवसांच्या दाढीसारखं लागतं. दाबले गेलेले तंतू पाणी पिऊन उभे राहिलेले असतात. ते बारीक पेपरने हलक्या हाताने कापायचे, पुन्हा ओलं करायचं, पुन्हा कापायचं. तंतू उठायचे थांबले की लाकूड तयार झालं. ही पायरी गाळली तर ते तंतू पहिल्या पावसात उठतील, तेही तेलाखालून.

रंग स्पिरिटमध्ये विरघळणारा घ्यावा. भुकटीच्या कणांचा रंग छिद्रांत साचतो आणि अक्रोडाची रेषा मळकट दिसते. विरघळलेला रंग तंतूंत शिरतो. तो भरपूर पातळ करून आधी नळीच्या खोबणीत, दिसणार नाही अशा जागी लावून पाहावा. पांढऱ्या पट्ट्यावर आधी वेगळा हात द्यावा, मग सगळ्यावर एक. टोकाचं आडवं कापलेलं लाकूड रंग अधाशासारखं पितं, तिथे फडकं जवळजवळ कोरडं ठेवावं.

आणि मग जवस. आपल्याकडे ज्याची चटणी करतो तेच बी. त्याच्या तेलात लिनोलेनिक आम्ल भरपूर असल्यामुळे ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. शेंगदाण्याचं तेल मात्र चिकटच राहतं. कच्चं जवसतेल वाळायला कित्येक दिवस घेतं. ‘बॉइल्ड’ म्हणून विकतात त्यात कोबाल्ट, मँगनीजसारख्या धातूंची संयुगं घातलेली असतात, म्हणून ते साधारण दिवसभरात वाळतं. ते तेल खाण्याचं नाही. पहिला हात निम्मं टर्पेंटाइन घालून द्यावा, आतल्या बाजूलाही पातळ पुसावा. पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेला थेंब न थेंब पुसून काढावा. राहिलेलं तेल चिकट साय धरतं. पुढचे हात त्याहून पातळ, तळव्याने रगडून, मध्ये पूर्ण वाळू देऊन. पॉलियुरेथेनने काम एका दिवसात उरकतं, पण त्या काचेसारख्या चकाकीत लष्करी दस्ता मला परका वाटतो. मी तो लेप इथे सुचवणार नाही.

जवसतेलाचे बोळे मात्र कधीही गोळा करून टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि ढिगात ती कोंडली की कापड आपोआप पेटतं. २३ फेब्रुवारी १९९१ ला फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीला अशाच जवसतेलाच्या फडक्यांमुळे आग लागली. तीन अग्निशामक जवान गेले. काम संपलं की प्रत्येक फडकं पाण्यात बुडवून झाकणाच्या लोखंडी डब्यात ठेवा, किंवा उघड्यावर सुटं पसरून कडक होईपर्यंत वाळवा.