‘पूर्णा’ लिहिताना कर्सर का चुकतो?

परभणी : संगणकाच्या टर्मिनलवर, म्हणजे केवळ आज्ञा टंकित करण्याच्या काळ्या पडद्यावर, ‘पूर्णा’ हे जिल्ह्यातील तालुक्याचे नाव लिहून मागे येऊ लागले, की कर्सर अनेकदा भलत्याच जागी उभा राहतो. खोडायचे एक आणि पुसले जाते दुसरेच. फाइल बिघडली, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात मजकूर शाबूत असतो. चुकलेली असते ती मोजणी.

आजची टर्मिनल १९७८ मध्ये आलेल्या ‘व्हीटी-१००’ या यंत्राचा वारसा चालवितात. त्याचा पडदा सामान्यतः ८० रकाने व २४ ओळींचा असे आणि एका रकान्यात एकच अक्षर बसे. रोमन लिपीला हा नियम मानवला. चिनी, जपानी अक्षरे रुंद असल्याने त्यांना दोन रकाने देण्यात आले. देवनागरीचे दुखणे मात्र निराळे आहे.

‘पूर्णा’ या शब्दात वाचकाला दोनच अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये मात्र प, ऊकार, र, हलन्त, ण आणि काना असे ६ संकेतांक साठविले जातात. यूटीएफ-८ पद्धतीत त्यांचे १८ बाइट होतात. रुंदी मोजण्याच्या प्रचलित पद्धतीनुसार ऊकार व हलन्ताला शून्य आणि उरलेल्या चौघांना प्रत्येकी एक रकाना मिळतो. रफार तर ‘ण’च्या डोक्यावर जातो. मग ‘र’साठी राखलेल्या रकान्याचे काय करायचे, हा पेच उरतो. ‘सेलू’मध्ये दोन्ही मात्रांची रुंदी शून्य असल्याने दोन अक्षरांना दोनच रकाने लागतात आणि हिशेब जुळतो.

टर्मिनल आणि त्यात चालणारी आज्ञावली ही मोजणी स्वतंत्रपणे करतात, हे खरे मूळ होय. दोघांची उत्तरे जुळली नाहीत, की कर्सर घसरतो आणि गावांच्या याद्यांचे रकाने वाकडे होतात.

सप्टेंबर २०२३ मधील युनिकोड १५.१ आवृत्तीने देवनागरी जोडाक्षर अखंड मानण्याचा नियम दिला. त्यानुसार ‘पूर्णा’ची दोनच अक्षरे होतात. मात्र तो दोन्ही बाजूंनी पाळला, तरच उपयोग. तोवर यादीत मराठी नावांचा रकाना शेवटी ठेवावा आणि कर्सरविषयी शंका येताच एखादे अक्षर न खोडता संपूर्ण शब्द नव्याने लिहावा, हेच श्रेयस्कर.