खोली किती तापते?

सकाळी साडेदहा. तपकीर गल्लीतली शटरं वर जातायत. दुकान उघडलं की मी आधी भिंतीवरचं तापमापक बघतो. एप्रिलमध्ये या वेळेलाच 31 अंश. भोवतालच्या हवेपेक्षा प्रोसेसर किती अंश वर राहील, एवढंच कूलरच्या हातात असतं. परदेशातल्या चाचण्या बहुधा 20-22 अंशांच्या खोलीत होतात. तिथे 70 वर थांबलेला प्रोसेसर पुण्यात 38 अंशांच्या दुपारी 86-88 गाठतो. म्हणून गिऱ्हाइकाला मी बजेटच्या आधी खोली विचारतो.

अकरा. वकिलांच्या ऑफिसचं मशीन. कोअर आय फाइव्ह 12400, काम टायपिंग आणि टॅलीचं. खोक्यात आलेला कूलर पुरेसा आहे, तोच बसवला. अशा मशीनवर वेगळा कूलर गळ्यात मारणं मला पटत नाही.

बारा. आर्किटेक्चरची विद्यार्थिनी, सोबत वडील. यादीत आय सेव्हन 14700के. याच्या खोक्यात कूलर नसतोच. वडिलांनी विचारलं, "अहो, यावर 125 वॅट लिहिलंय. दीडशेचा कूलर पुरेल ना?"

प्रश्न रास्त होता. पण 125 हा बेसचा आकडा; टर्बोत हाच प्रोसेसर 253 वॅटपर्यंत जातो. गेम खेळताना सगळे कोअर एकदम क्वचित राबतात. रेंडर लावला की तासन्‌तास सगळेच राबतात.

"मशीन कुठल्या खोलीत ठेवणार गं?"

"वरच्या मजल्यावर, काका. वर पत्रा आहे. एसी नाही."

इथे विचार बदलावा लागला. 253 वॅटसाठी 360 मिलिमीटर रेडिएटरचा लिक्विड कूलर लागला असता, आणि ती सगळी उष्णता त्याच पत्र्याखाली साठली असती. कूलर कितीही भारी घ्या, तो उष्णता प्रोसेसरवरून उचलून खोलीतच सोडतो. मी के नसलेला 14700 सुचवला, बायोसमध्ये 125 वॅटची मर्यादा घालून. वीज इतकी कमी केली तरी वेग त्या मानाने फार थोडा उतरतो. शेवटच्या थोड्याशा वेगासाठी व्होल्टेज चढवावं लागतं आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 125 वॅटला थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन पुरतो: सहा हीट पाइप, दोन पंखे. वाचलेले पैसे रॅमकडे वळवले. रेंडरला त्याचा जास्त उपयोग.

तीन. टेप घेऊन विद्यार्थिनीच्या मशीनचं कॅबिनेट मोजलं. हा कूलर 155 मिलिमीटर उंच, बसतो. नॉक्टुआचा एनएच-डी15 मात्र 165 चा. बऱ्याच कॅबिनेटांत बाजूची काच त्याच्या आधीच येते. पुढचा पंखा उंच रॅमवर टेकतो का, तेही बघितलं. जुना कूलर वापरू म्हणणाऱ्यांना मी सॉकेट विचारतो: 1200 वरून 1700 ला आल्यावर भोकांमधलं अंतर 75 वरून 78 मिलिमीटर झालं. नवं ब्रॅकेट नसेल तर दाब नीट बसत नाही.

साडेचार. व्हिडिओ एडिटिंग करणारा मुलगा, रायझन 5 5600. "दादा, 90 ला जातंय, मोठा कूलर द्या." उघडलं तर पात्यांमध्ये धुळीचा थर, आणि कॅबिनेटचं तोंड काचेने बंद. हवाच आत जात नाही, तर मोठा कूलर करणार काय? या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात. कूलर सरळ ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, म्हणून मशीन गरम करून, कूलर हलकेच फिरवून काढला. ब्लोअर मारला, नवी पेस्ट लावली, पुढची काच काढून चालवलं. तापमान 76. त्याला जाळीच्या तोंडाचं कॅबिनेट घ्यायला सांगितलं.

साडेसात. विद्यार्थिनीचं मशीन तयार. चाचणी मी दोन्ही बाजू बंद करूनच घेतो. घरी ते तसंच चालणार असतं. अर्धा तास सगळे कोअर पूर्ण जोरात, दुकानात 33 अंश, प्रोसेसर 79. म्हणजे खोलीच्या 46 वर. मे महिन्यात तिची खोली 42 झाली तरी 88, आणि या प्रोसेसरची मर्यादा 100.

"लांबलचक रेंडर रात्री लाव," मी तिला सांगितलं, "आणि पुढची जाळी महिन्याला काढून झटकत जा."