मोजता न येणाऱ्या गोष्टींचे संशोधन

वर्गातला एखादा बोलका मुलगा एकाएकी गप्प झाला, तर गुरुजी काय करतात? त्याचे गुण मोजून कारण कळत नाही. ते त्याला जवळ बसवतात, त्याच्या आईला, सोबत्यांना विचारतात. हेच काम शिस्तीने केले, की त्याला गुणात्मक संशोधन म्हणतात.

अमेरिकेत समुपदेशक, म्हणजे अडचणीतल्या माणसाला बोलते करून वाट दाखवणारे, तयार करण्याचे रीतसर शिक्षण विद्यापीठांत मिळते. ते देणाऱ्या अध्यापकांपैकी कित्येकांचे डॉक्टरेटचे प्रबंध मुलाखतींवरच उभे असतात. तुम्ही म्हणाल, "अहो, या तर गप्पा झाल्या! यात शास्त्र कुठे आले?" प्रश्न रास्त आहे.

लिंकन आणि गुबा या अभ्यासकांनी १९८५ साली याच्या चार कसोट्या मांडल्या. काढलेला अर्थ सांगणाऱ्यांना पटतो का? वर्णन इतके भरघोस आहे का, की वाचणाऱ्याला ते आपल्या ठिकाणाशी ताडून पाहता यावे? प्रत्येक पायरीची नोंद आहे का? आणि निष्कर्ष माहितीतून निघाला, की संशोधकाच्या मनातून?

खरी मेख पुढे आहे. ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी १९६७ साली एक पद्धत मांडली. तिच्यात माहिती गोळा करणे आणि ती पारखणे बरोबरीने चालते. एका मुलाखतीतून जे सुचते, त्यावरून पुढे कोणाला काय विचारायचे ते ठरते. कोणी सगळ्या मुलाखती आधी उरकल्या, मग मुद्द्यांची यादी केली आणि नाव मात्र या पद्धतीचे दिले, तर ते 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' असेच झाले.

दुसरे असे, की येथे संशोधक पुष्कळदा शिक्षक असतो आणि मुलाखत देणारा त्याचाच विद्यार्थी. ज्याच्या हाती आपले गुण, त्याला "तुमचा अर्थ चुकला" असे कोण सांगेल? म्हणून हे नाते प्रबंधात उघड सांगावे लागते, शक्य तर मुलाखत त्रयस्थाने घ्यावी लागते. नुसत्या होकारावर विसंबून चालत नाही.

हा काथ्याकूट कशाला? प्रबंध लिहिणारा उद्या समुपदेशक घडवणार आणि त्यांच्यासमोर दुःखी माणूस येऊन बसणार. कच्च्या निष्कर्षाची किंमत तो मोजतो. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, "हा पोरगा आळशी आहे" असा शेरा मारण्यापूर्वी आपणही स्वतःला विचारावे: हे मला त्याच्याकडून कळले, की मी आधीच ठरवून टाकले होते?