कोड लिहिला एकाने, मालक कोण?

समजा, बाणेरच्या दोन मैत्रिणींनी शाळेच्या बसचा ठावठिकाणा आईवडिलांना दाखवणारं ॲप काढलं. दोघींनाही प्रोग्रामिंग येत नव्हतं, म्हणून पहिली आवृत्ती नाशिकच्या एका फ्रीलान्सरकडून करून घेतली. दोन लाख ठरले, दोन लाख दिले. इनव्हॉइस फाइलला आहे, टीडीएससुद्धा भरलेला आहे. दोन वर्षांनी गुंतवणूकदार मिळतो आणि त्याचा वकील कागदांची यादी पाठवतो. त्यात एक मागणी असते : ज्यांनी ज्यांनी कोड लिहिला, त्या प्रत्येकाकडून कंपनीच्या नावे हक्क लिहून घेतल्याचा करार.

असा करार नसतो. पैसे दिले म्हणजे माल आपला, असंच दोघी धरून चाललेल्या असतात. खुर्ची विकत घेताना ते खरंही आहे. कोडच्या बाबतीत नाही.

भारतात सॉफ्टवेअरला मुख्य संरक्षण मिळतं ते कॉपीराइट कायदा, १९५७ याखाली. कायद्याच्या व्याख्येत संगणक प्रोग्राम ही 'साहित्यकृती' आहे. म्हणजे कवितेच्या आणि कादंबरीच्या पंगतीत कोड बसतो. साहित्यकृतीचा पहिला मालक तिचा लेखक, हा कलम १७ चा मूळ नियम. त्याला अपवाद आहेत. नोकरीत असलेल्या माणसाने कामाचा भाग म्हणून काही लिहिलं, तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास मालकी कंपनीची. याच कलमात आणखी एक अपवाद आहे आणि तो मला फार बोलका वाटतो. पैसे देऊन फोटो काढून घेतला, तर त्याचा पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे लग्नाचा फोटोग्राफर बाहेरचा असला तरी, वेगळा करार नसेल तर, फोटोंचा कॉपीराइट यजमानांचा होतो. या अपवादात फोटो, चित्रं आणि चित्रपट आहेत, प्रोग्राम नाही. त्यामुळे नाशिकच्या मुलाने लिहिलेला कोड, दोन लाख घेऊनही, त्याचाच राहतो. मैत्रिणींना तो वापरण्याची परवानगी मिळाली आहे, असा युक्तिवाद करता येईल. पण परवानगी म्हणजे मालकी नव्हे, आणि गुंतवणूकदार पैसे लावतो तो मालकीवर.

उपाय म्हणजे हक्कांचं हस्तांतरण. ते कलम १९ प्रमाणे लेखी हवं आणि देणाऱ्याची सही हवी. इथेच दुसरी ठेच लागते. घाईघाईने एका ओळीचं पत्र होतं : 'सदर ॲपचे सर्व हक्क कंपनीस दिले आहेत.' हे वाचायला भक्कम वाटतं. पण मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही, तर तो संपला असं मानलं जातं. करारात वेगळं लिहिलेलं असेल तरच सुटका. या तरतुदी लेखकाला कुणी अजाणता कायमचं बांधून घेऊ नये म्हणून आहेत, आणि मला त्या न्याय्यच वाटतात. स्टार्टअपने मात्र त्या वाचूनच मसुदा करावा : कोणतं काम, कोणते हक्क, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी, किती मोबदल्यात, आणि एका वर्षाची अट लागू नाही. फ्रीलान्सरनेही आपल्या बाजूने एक वाक्य घालून घ्यावं : शेवटचा हप्ता मिळाल्यावरच हक्क जातील. असा करार दोघांनाही सांभाळतो.

संस्थापकांचं काय? कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती, आणि ती नोंदणीच्या दिवशी जन्मते. त्याआधी रात्री जागून लिहिलेला कोड संस्थापकाचा स्वतःचा असतो. तो कंपनीला लिहून दिला नाही आणि भागीदारांचं बिनसलं, तर निघून जाणारा कोड घेऊन जाऊ शकतो. त्याहून नाजूक गोष्ट म्हणजे हिंजवडीतली नोकरी सांभाळून, ऑफिसच्याच लॅपटॉपवर केलेलं काम. तिथे जुन्या नोकरीचं ऑफर लेटर काढून कलमन् कलम वाचावं लागतं, कारण त्या कोडवर जुनी कंपनी हक्क सांगू शकते.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. हक्क कोड लिहिताच जन्मतो. तरी नोंदणी पुराव्याला उपयोगी पडते. अर्जासोबत सोर्स कोडची पहिली दहा आणि शेवटची दहा पानं द्यावी लागतात, आणि त्यातला मजकूर झाकता येत नाही.

ओपन सोर्सचीही नोंद ठेवावी. एमआयटी परवान्याचा कोड परवान्याचा मजकूर जपून वापरता येतो. जीपीएलचा कोड आपल्या प्रोग्राममध्ये मिसळून तो ग्राहकांच्या हाती दिला, तर आपला सोर्स कोडही त्यांना खुला करण्याची पाळी येऊ शकते.

सुरुवात करायला वकीलही लागत नाही. गिटचा इतिहास उघडावा. कोणत्या दिवशी, कोणत्या ईमेलवरून, कोणती ओळ आली, हे तिथे दिसतं. त्यातले वेगवेगळे ईमेल एका कागदावर उतरवावेत आणि प्रत्येकापुढे लिहावं : पगारदार, फ्रीलान्सर, संस्थापक, की उन्हाळ्यात दोन महिने आलेला विद्यार्थी. मग प्रत्येकाचा सही असलेला कागद शोधावा. बसच्या ॲपच्या यादीत नाशिकच्या मुलापुढची जागा रिकामी राहील. त्याला फोन करायचा तो गुंतवणुकीची बातमी फुटण्याआधी, आणि सहीसाठी रास्त रक्कम मनाशी ठरवून.