इंजिनाचा ताप कसा वाचावा?

माणसाचा ताप आपण तापमापीने पाहतो. पारा चढला की आजार, उतरला की आराम, असा साधा हिशेब असतो. बोटीच्या इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूचे, म्हणजे एक्झॉस्टचे, तापमानही मोजतात. पण तेथे हा हिशेब पुरत नाही. तोच आकडा एका इंजिनात ‘इंधन वाढवा’ असे सुचवतो, तर दुसऱ्यात ‘इंधन कमी करा’ असे. अर्थ चुकीचा लावला तर पिस्टन वितळू शकतो, आणि खोल समुद्रात इंजिन बंद पडणे म्हणजे जिवाशी गाठ.

प्रथम पेट्रोल इंजिन पाहू. पेट्रोलमधील एक घटक ऑक्टेन. त्याच्या रेणूत कार्बनचे ८ आणि हायड्रोजनचे १८ अणू असतात. एक रेणू पूर्ण जळण्यास ऑक्सिजनचे साडेबारा रेणू लागतात. म्हणजे ११४ ग्रॅम ऑक्टेनला ४०० ग्रॅम ऑक्सिजन. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, म्हणून हवा सुमारे १,७४० ग्रॅम लागेल. प्रमाण आले साधारण १५ ला १. पेट्रोल हे अनेक घटकांचे मिश्रण असल्याने त्याच्यासाठी हे प्रमाण १४.७ ला १ धरतात.

या प्रमाणाच्या आसपास एक्झॉस्टचे तापमान सर्वाधिक असते. इंधन जास्त झाले, मेकॅनिकच्या भाषेत मिश्रण ‘रिच’ झाले, तर ऑक्सिजन अपुरा पडतो. एक मोल कार्बन जळून कार्बन डायऑक्साइड झाला तर ३९४ किलोजूल उष्णता मिळते. कार्बन मोनॉक्साइडवरच थांबला तर अवघी १११. शिवाय जादा इंधनाची वाफ होतानाही उष्णता शोषली जाते. उलट मिश्रण ‘लीन’ झाले, तर जादा हवा तापवण्यात उष्णता खर्ची पडते. म्हणजे आलेख डोंगरासारखा आहे आणि एकाच उंचीच्या दोन जागा त्याच्या दोन उतारांवर आहेत. नुसत्या आकड्यावरून आपण कोणत्या उतारावर आहोत हे कळत नाही. इंधन किंचित बदलून पारा कोणीकडे सरकतो, ते पाहावे लागते.

पूर्ण भारावर चालणारे पेट्रोल इंजिन थोडे रिच ठेवतात. कार्बुरेटरमधील बारीक छिद्र कचऱ्याने बुजले की मिश्रण शिखराकडे सरकते आणि पारा चढतो. ज्या टू-स्ट्रोक आउटबोर्ड मोटारीत वंगणतेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, तेथे इंधनाबरोबर वंगणही घटते. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि जळता वायू २,००० अंशांच्या पुढे असतो. पिस्टन टिकतो तो केवळ त्याची उष्णता सतत काढून घेतली जाते म्हणून.

कोकणातील मासेमारी ट्रॉलरवर मात्र डिझेल इंजिन असते. तेथे हवा आणि इंधन आधी मिसळत नाहीत. सिलिंडर हवेने भरतो आणि दाबल्यामुळे तापलेल्या त्या हवेत इंधनाचा फवारा सोडतात. हवा नेहमी गरजेपेक्षा जास्तच असते. म्हणून येथे इंधन वाढवावे तसे तापमान चढतच जाते. पारा चढला तर इंधन कमी करायचे, किंवा हवा कुठे अडली ते शोधायचे. सोबत काळा धूर असेल तर हवा अपुरी पडते आहे हे नक्की.

बोटीत हा पारा आणखी एक गोष्ट सांगतो. पंखा फिरवण्यास लागणारी शक्ती फेऱ्यांच्या जवळपास घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे १० टक्के वाढवले तर शक्ती सुमारे ३३ टक्के जास्त लागते. बोटीच्या तळाला बार्नेकल चिकटले किंवा पंख्यात जाळे अडकले, तर तेवढेच फेरे टिकवण्यासाठी इंधन जास्त द्यावे लागते. फेरे तेच, पण पारा चढलेला, यावरून तांडेलाला बुडाचे दुखणे वर बसून कळते.

मोजमापासाठी थर्मोकपल वापरतात. दोन वेगळ्या धातूंचा सांधा तापला की अल्प विद्युत दाब निर्माण होतो. क्रोमेल-अ‍ॅल्युमेल जोडीत दर अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट. अनेक बोटींत एक्झॉस्टमध्ये थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी सोडतात. सांधा त्या जागेच्या आधी हवा, नाहीतर आकडा फसवा येतो. मोठ्या जहाजांवर प्रत्येक सिलिंडरचे तापमान वेगळे मोजतात. एकच सिलिंडर इतरांपेक्षा थंड असेल, तर त्याला इंधन नीट मिळत नसल्याचा संशय पहिल्यांदा घेतला जातो.

वर्गासाठी आम्ही एक प्रयोग सुचवतो. शिक्षकांनी बुन्सेन बर्नरचे हवेचे छिद्र आधी बंद ठेवून आणि मग उघडून ज्योतीवर चिनीमातीची बशी धरावी. पिवळ्या ज्योतीने काजळी धरते, निळीने नाही. यांपैकी कोणती ज्योत डिझेल इंजिनाच्या जवळची, कोणती पेट्रोलच्या, आणि का, हे विद्यार्थ्यांना विचारावे. मग दोन्ही इंजिनांचे आलेख त्यांना फळ्यावर काढू द्यावेत: आडव्या अक्षावर इंधन, उभ्यावर एक्झॉस्टचे तापमान. एक आलेख डोंगर होईल, दुसरा चढण.