आजार हा गुन्हा नाही, पण औषध आपल्याच हातात आहे

लोणी भापकर, मोरगाव, सुपे हा बारामती तालुक्याचा जिराईत पट्टा. या भागातल्या आपल्या वस्त्यांमध्ये बीपी आणि साखर तपासायला बसलो की तीन वाक्ये हमखास कानावर येतात. ‘नशिबातच होतं.’ ‘मागल्या जन्मीचं काहीतरी असेल.’ आणि दारू-तंबाखूची सवय असलेल्या माणसाबद्दल घरातलेच म्हणतात, ‘केलंय ते भोगू द्या.’ पहिल्या दोन वाक्यांत आजारी माणूस हात झटकतो, तिसऱ्यात घरचे झटकतात. तिन्हींचा परिणाम एकच होतो. गोळ्यांची पुडी फळीवर तशीच पडून राहते.

म्हणून या वेळी आम्ही औषधाच्या आधी विचाराबद्दल बोलणार आहोत. आपल्या आजारपणाची जबाबदारी आपल्यावर किती, आणि ती कुठे संपते?

मागच्या जन्मावर ढकलू नका

संयुत्त निकायात सीवक नावाच्या परिव्राजकाचा प्रसंग आहे. माणसाला जे सुखदुःख होते ते सगळे पूर्वकर्मामुळेच होते, असे काही श्रमण-ब्राह्मण सांगतात. ते खरे आहे का, असे त्याने तथागतांना विचारले. तथागतांनी ते मानले नाही. त्यांनी आठ कारणे मोजली. पित्त, कफ, वात, ऋतुबदल, राहणीतली हेळसांड, बाहेरून झालेला आघात अशी कारणे त्यांत आहेत. कर्माचा क्रमांक सर्वांत शेवटचा. पुढे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये मागच्या जन्माच्या कर्माचा सिद्धान्तच नाकारला. गरिबाला गरीब आणि रोग्याला रोगी ठेवण्यासाठी हा सिद्धान्त किती सोयीचा आहे, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

खुद्द बाबासाहेबांना मधुमेह होता. पायांच्या दुखण्याने त्यांना बेजार केले होते. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर यांच्याशी झाला. माईसाहेब स्वतः डॉक्टर. त्यांनी बाबासाहेबांचे पथ्यपाणी आणि औषधोपचार सांभाळले. संविधानाचे काम, १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची धम्मदीक्षा, ग्रंथलेखन हे सारे या आजारपणातच झाले. बाबासाहेबांच्या आजाराला आपल्यापैकी कोणी पाप म्हणेल का? मग शेजारच्या ऊसतोड कामगाराच्या मधुमेहाकडे बोट दाखवून हसण्याचा अधिकार आपल्याला कुठून आला?

चांगल्या रुग्णाच्या पाच गोष्टी

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू जुलाबाने आजारी पडून स्वतःच्याच घाणीत लोळत होता. तो आमच्या काही उपयोगाचा नाही म्हणून बाकीचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून खाटेवर निजवले. त्यानंतर तथागतांनी भिक्खूंना सांगितले की, ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. आमच्या नर्सिंगच्या पेशाला याहून मोठा मान कोणी दिलेला नाही.

पण याच ठिकाणी रुग्णाचीही पाच कर्तव्ये सांगितली आहेत, आणि ती आजही जशीच्या तशी लागू पडतात.

१. मानवेल तेच करावे. बीपी असेल तर लोणचे, पापड, भाकरीवरचे वरून घेतलेले मीठ कमी करायचे. दिवसभराचे सगळे मिळून मीठ ५ ग्रॅमच्या आत हवे, म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा. मिशरी आणि तंबाखू पूर्ण बंद. पंचशीलातले पाचवे शील रोज म्हणतो, तर दारूबाबत ते शरीरानेही पाळू या.

२. प्रमाण ओळखावे. चांगल्या अन्नालाही माप असते. साखर वाढलेल्या माणसाने ज्वारीची भाकरी खावी, पण ‘ज्वारीच आहे’ म्हणून चार खाऊ नयेत. कामावर दिवसातून सहा वेळा गोड चहा होतो, तो आधी मोजावा.

३. औषध घ्यावे. बीपी बहुतेकदा दुखत नाही, म्हणूनच फसवते. बरे वाटते ते गोळीमुळे. म्हणून गोळी बंद करायची नसते. टीबीचा साधा उपचार ६ महिन्यांचा असतो. दोन-तीन आठवड्यांत खोकला कमी झाला म्हणून औषध सोडले, तर नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टीबी होऊ शकतो. मधुमेहाची गोळी किंवा इंजेक्शन घेऊन उपाशीपोटी कामावर जाऊ नये. साखर एकदम उतरून घाम फुटतो, हातपाय थरथरतात, चक्कर येते. खिशात साखर किंवा गूळ ठेवावा, आणि असे झाल्यास शुद्धीवर असतानाच खावा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काही घालू नये, १०८ ला फोन करावा. घरात फ्रिज नसेल तर इन्सुलिन कोरड्या डब्यात घालून तो डबा माठाच्या गारव्यात ठेवावा.

४. सेवा करणाऱ्यापासून काही लपवू नये. आमच्या अनुभवात सगळ्यात जास्त नुकसान इथेच होते. उसाच्या फडात काम करणाऱ्या एका भावाच्या पायाला जखम झाली. साखरेमुळे पाय बधिर झालेले, त्यामुळे दुखलेच नाही. पण तो गप्प बसला त्याचे कारण वेगळे होते. घरी सांगितले तर ‘प्या अजून’ हेच ऐकावे लागेल, हे त्याला माहीत होते. महिनाभर त्याने फडके बांधून काम केले. दवाखान्यात आला तेव्हा दोन बोटे काढावी लागली. जखम त्याने लपवली हे खरे, पण लपवायला भाग पाडणारी जीभ घरातलीच होती.

५. दुखणे धीराने घ्यावे. याचा अर्थ अंगावर काढावे असा नाही. घाबरून आज हा डॉक्टर, उद्या तो, परवा देवऋषी, असे पळू नये. भूतबाधा, करणी यांच्या नावाखाली अघोरी उपचार करणे महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

सेवा करणाऱ्या बाईचे काय?

तथागतांनी रुग्णासोबत सेवकाचेही गुण सांगितले. औषध तयार करता यावे, काय चालेल आणि काय नाही हे कळावे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्र-थुंकीची किळस करू नये, आणि धम्माचे चार शब्द बोलून रुग्णाला उभारी द्यावी. आपल्या घरात हे काम बहुधा आई, सून किंवा मुलगी करते. तिची गोळी मात्र कोणी विचारत नाही. सासऱ्यांची औषधे वेळेवर देणाऱ्या सुनेचे हिमोग्लोबिन ८ निघाले, असे आम्ही कितीदा पाहिले आहे. गरोदर नसलेल्या बाईचे ते १२ तरी असावे. ती शेवटी जेवते, उरलेले जेवते. ‘स्वतःची काळजी घे’ असे तिला सांगणे सोपे आहे. तिच्या ताटात भाजी, डाळ, अंडे पडेल हे पाहणे ही घरातल्या पुरुषांची जबाबदारी.

जबाबदारी आपली, पण एकट्याची नाही

‘ज्याची त्याची जबाबदारी’ हे वाक्य सरकारी माणसाच्या तोंडी आले की सावध व्हावे. रोज हजेरीवर जाणाऱ्याने दिवस बुडवून यायचे आणि खिडकीवर ‘गोळ्या संपल्यात, बाहेरून घ्या’ ऐकायचे, यात चूक रुग्णाची नाही. पिण्याचे पाणी, गटार, औषधांचा साठा ही शासनाची आणि ग्रामपंचायतीची कामे आहेत. १९२७ साली महाडला बाबासाहेब पाण्याच्या हक्कासाठी उभे राहिले. हक्क मागणे हाही आरोग्याचाच भाग आहे.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार मोफत आहेत. टीबीच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून दरमहा १,००० रुपये मिळतात. मोठ्या आजारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ३० वर्षांवरील प्रत्येकाची बीपी, साखर आणि तोंडाच्या कर्करोगाची तपासणी, तसेच महिलांची स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. आशाताईंना विचारा. औषध नसेल तर तसे कागदावर लिहून मागा, आणि तोच कागद ग्रामसभेत वाचा.

पौर्णिमेचा नेम

आपण दर पौर्णिमेला विहारात वंदनेला जमतो. त्याच दिवशी आणखी एवढे करू या:

– वंदनेनंतर आशाताईंना किंवा आरोग्यसेविकेला बोलावून बीपी मोजून घ्यावा. १४०/९० किंवा त्याहून जास्त निघाला तर पुन्हा तपासून डॉक्टरांना दाखवावे. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त आली तरी तसेच.
– प्रत्येक घराची एक वही ठेवावी. आजार, औषधाचे नाव, पुढची तारीख त्यात लिहावी. शाळेतल्या मुलांनी ती वाचून दाखवावी.
– मधुमेह असलेल्यांचे तळपाय घरच्यांनी रोज पाहावेत. अनवाणी रानात जाऊ नये.
– दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्या कोणालाही थुंकी तपासायला सोबत घेऊन जावे. एकट्याला पाठवू नये.
– आणि आजाऱ्याला ‘तुझ्यामुळेच झालं’ हे वाक्य वस्तीत कोणी बोलायचे नाही.

शेवटचा नेम पाळायला पैसा लागत नाही, तरी तोच सगळ्यात अवघड आहे. ज्या घरात बोलणी बसत नाहीत, तिथला माणूस जखम पहिल्याच दिवशी दाखवतो, आणि पहिल्या दिवशी दाखवलेल्या जखमेसाठी सहसा बोट काढावे लागत नाही. येत्या पौर्णिमेला आपापल्या गोळ्यांच्या पुड्या विहारात घेऊन या. कोणती कशासाठी आणि कधी घ्यायची, ते बसून समजून घेऊ.

जय भीम! नमो बुद्धाय!