दंतकथेतून पटावर : अम्मितला हिट पॉइंट्स देऊ नका

अपेप आज येणार होता, पण त्याला आठवडाभर थांबवतो. सूर्यदेव रेच्या नावेवर रोज रात्री चालून येणाऱ्या त्या सापाशी लढावंच लागतं, तेव्हा त्याचे आकडे पुढच्या भागात नीट मांडू. आज एका वाचकाचा प्रश्न घेतो, कारण त्यात प्राचीन इजिप्तच्या दंतकथांमधल्या अम्मितचं सगळं मर्म आहे. ते विचारतात, "आमच्या कॅम्पेनमध्ये अम्मित आणतोय. तिला हिट पॉइंट्स किती द्यावेत?"

एकही देऊ नका.

ब्रिटिश म्युझियममधला हुनेफरचा पपायरस बघा, इसवी सनापूर्वी 1275 च्या सुमाराचा. एका पारड्यात मृत हुनेफरचं हृदय, दुसऱ्यात सत्याची देवी मात हिचं पीस. अनुबिस काटा तपासतोय, थोथ निकाल टिपून घेतोय. मगरीचं डोकं, सिंहाचं पुढचं अंग आणि हिप्पोचं मागचं अंग असलेली अम्मित तराजूपाशी नुसती थांबली आहे. ती कुणाचा माग काढत नाही, कुणावर झडप घालत नाही. काटा झुकला तरच तिचं काम सुरू होतं. डंजन्स अँड ड्रॅगन्समधला डेव्हरर बरगड्यांच्या पिंजऱ्यात जीव कोंडतो. तो शिकारी आहे, त्याच्यावर तलवार चालवा. अम्मितवर तलवार उपसून काय मिळणार? ती मेली तरी हृदय जड ते जडच.

आणि तिच्या तोंडी जातं ते हृदयच. इजिप्तच्या लोकांच्या मते बुद्धी आणि स्मृती हृदयात असत. म्हणून ममी करताना मेंदू काढून टाकत, हृदय मात्र जपून शरीरातच ठेवत. ते गेलं की माणूस दुसऱ्यांदा मरतो, कायमचा. तुमच्या खेळातही हा नियम कडक पाळा: अम्मितने गिळलेल्या पात्राला कोणताही मंत्र परत आणू शकत नाही.

मग खेळाडूंनी करायचं काय? इथे माझा लाडका विषय येतो : हृदय-स्कॅरब. मृताला 42 न्यायाधीशांसमोर एकेक पाप नाकारावं लागे. तोंड नाकारेल, पण हृदयाने खरं सांगितलं तर? त्यासाठी मृतांच्या पुस्तकातला 30ब हा मंत्र होता. हिरवट दगडाच्या भुंग्यावर तो कोरून ममीच्या छातीवर ठेवत. माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस, अशी ती स्वतःच्याच हृदयाला केलेली विनवणी. देवांच्या दरबारात साक्षीदाराला गप्प करण्याची ही सोय धर्मग्रंथातच होती, आणि हे वाचल्यापासून मी तिच्यावरून किती साहसं रचली आहेत!

त्याला आणखी एक धागा जोडा. मृतांच्या पुस्तकाच्या गुंडाळ्या कधीकधी आधीच लिहून तयार असत, नावाची जागा कोरी ठेवून. अनीच्या प्रसिद्ध पपायरसातही त्याचं नाव अशा रिकाम्या जागांत मागाहून भरलेलं आहे. आता असा एक कोरा पपायरस थीब्जच्या बाजारात विकायला ठेवा. तुमच्या चोराचं नाव त्यात भरायला कोणता लेखनिक तयार होईल, आणि मोबदल्यात काय मागेल?

तोलण्याच्या प्रसंगी फासे टाकू देऊ नका. गेम मास्टरने पहिल्या सत्रापासून वहीत नोंद ठेवावी: मोडलेला शब्द, सोडून दिलेला सोबती, गरिबाच्या धान्यात मारलेलं माप. 42 प्रश्न टेबलावर कंटाळवाणे होतील. पात्रांच्या करणीशी भिडणारे सातच निवडा. प्रत्येक खोट्या नकाराने पारडं एक बोट खाली. स्कॅरब असेल तर एकच नोंद झाकली जाते, आणि कोणती झाकायची ते खेळाडूने सगळ्यांसमोर सांगायचं. हे शेवटचं कलम गाळू नका. एक पाप झाकण्यासाठी ते सोबत्यांपुढे उघड करावं लागतं, आणि टेबलावर खरा न्याय तिथेच सुरू होतो.